मंडळीतील ढोंग आणि देवाची कृपा: अंत्युखियातील पंगतीवरून एक अभ्यास

"चर्चमध्ये सगळे ढोंगी असतात." हे वाक्य तुम्ही नक्कीच ऐकले असेल. कॉलेजमधल्या मित्राला रविवारच्या उपासनेला बोलावले की तो हेच म्हणतो. घरातला एखादा मोठा भाऊ बरीच वर्षे मंडळीत का आला नाही असे विचारले, तरी हेच उत्तर मिळते. कदाचित तुम्ही स्वतःही हे म्हणाला असाल. बाकावर शेजारी बसून हात वर करून गाणारा माणूस बाहेर पार्किंगमध्ये कोणाशी कसे बोलतो, हे पाहिल्यावर तुमचे मन उतरले असेल.

या आरोपाला आपण सहसा दोन प्रकारे उत्तर देतो. पहिले, "माणसांकडे पाहू नका, प्रभूकडे पाहा." दुसरे, "आपण सगळेच पापी आहोत, कृपेने चालायचे." दोन्ही वाक्ये खरी आहेत, पण ज्याला मंडळीतल्या माणसांनी दुखावले आहे त्याच्या कानाला ती दार लावून घेतल्यासारखी वाटतात. म्हणून या अभ्यासात आपण घाई करणार नाही. ढोंग म्हणजे काय, ते कुठून येते आणि कृपा त्याचे नेमके काय करते, हे पाहू. त्याआधी तुमचे पवित्र शास्त्र उघडून गलतीकरांस पत्र २:११-२१ आणि प्रेषितांची कृत्ये ४:३२ ते ५:११ हे दोन भाग सावकाश वाचून घ्या.

१. ढोंग म्हणजे काय आणि काय नाही

मराठी शास्त्रात जिथे आपण "ढोंगी" वाचतो, तिथे मूळ ग्रीक शब्द नटासाठी वापरला जाणारा आहे. त्या काळी नट तोंडावर मुखवटा लावून रंगमंचावर येत. मुखवटा राजाचा असला तरी आतला माणूस राजा नसे. नाटकात यात काही चूक नाही, कारण पाहणाऱ्यांना ते नाटक आहे हे ठाऊक असते. हाच मुखवटा माणूस देवाच्या घरात लावतो आणि समोरच्यांना ते नाटक आहे हे कळू देत नाही, तेव्हा ते ढोंग होते.

मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू तीन गोष्टींविषयी इशारा देतो: दानधर्म, प्रार्थना आणि उपास. या तिन्ही गोष्टी चांगल्याच आहेत. करणाऱ्याची नजर देवावरून सरकून बघ्यांवर गेली, इथे दोष आला.

आता हनन्या आणि सप्पीरा यांच्याकडे पाहा. त्यांनी जमीन विकली, पैशांतला काही भाग मागे ठेवला आणि उरलेला प्रेषितांच्या पायाशी आणून ठेवला. पेत्र त्यांना जे सांगतो ते लक्षपूर्वक वाचा. जमीन त्यांचीच होती. विकल्यावर पैसेही त्यांच्याच हाती होते. पूर्ण रक्कम द्या अशी सक्ती कोणी केली नव्हती. अर्धी रक्कम आणून "एवढेच देऊ शकतो" असे ते म्हणाले असते, तर त्यांना कोणी बोल लावला नसता. कमी देणे हे त्यांचे पाप नव्हते. कमी देऊन पूर्ण दिल्याचा मान घेणे, हे त्यांचे पाप होते.

वाणिज्य शाखेत शिकणाऱ्यांना हे लवकर समजेल. व्यवसायात तोटा होणे हा गुन्हा नाही. तोटा ताळेबंदात तोटा म्हणून लिहिला, तर त्यावर उपाय करता येतो. पण ३१ मार्च जवळ आला की आकडे इकडचे तिकडे करून ताळेबंद सजवला जातो, तेव्हा खरी अडचण सुरू होते. आता तोटा तर आहेच, शिवाय तो कोणाला दिसत नाही.

म्हणून हा फरक मनात पक्का करा. जो पडतो, रडतो, कबूल करतो, उठतो आणि कदाचित पुन्हा पडतो, तो दुर्बळ विश्वासी आहे, ढोंगी नाही. आपण जे मानतो आणि जसे जगतो यांत अंतर आहे, हे प्रत्येक विश्वासी जाणतो. पौलसुद्धा फिलिप्पैकरांस लिहिताना आपण अजून पूर्ण झालो नाही हे स्पष्ट सांगतो. ते अंतर असणे म्हणजे ढोंग नव्हे. ते अंतर नाहीच असे दाखवणे म्हणजे ढोंग.

२. अंत्युखियात काय घडले

हनन्याच्या गोष्टीच्या अगदी आधी एका चांगल्या माणसाचे नाव येते: बर्णबा. त्यानेही शेत विकले होते आणि सगळे पैसे आणून दिले होते. त्याच्या नावाचा अर्थच उत्तेजन देणारा असा सांगितला आहे. पुढे अंत्युखियात विदेशी लोक विश्वास ठेवू लागले, तेव्हा यरुशलेमच्या मंडळीने त्यालाच तिथे पाठवले. तो तार्सास जाऊन शौलाला शोधून घेऊन आला. याच अंत्युखियात शिष्यांना पहिल्यांदा ख्रिस्ती हे नाव मिळाले.

आणि याच शहरात पेत्राने ढोंग केले.

पेत्र विदेशी विश्वासी लोकांबरोबर एका पंगतीत बसून जेवत असे. मग यरुशलेमेहून याकोबाकडची काही माणसे आली. पेत्र हळूहळू मागे सरू लागला आणि वेगळा राहू लागला. त्याचे पाहून बाकीचे यहूदी विश्वासीही उठले. पौल इथे जो शब्द वापरतो तो नटाच्या मुखवट्याचाच शब्द आहे, आणि तोही दोनदा. शेवटी तो मोठ्या दुःखाने सांगतो की बर्णबासुद्धा त्यांच्यात ओढला गेला.

इथे थांबून विचार करा. पेत्राला सत्य ठाऊक नव्हते असे नाही. यापोत त्याला दृष्टांत झाला होता, तो कर्नेल्याच्या घरी जेवला होता आणि यरुशलेमेत त्याने त्याचे समर्थनही केले होते. त्याचे मत बदलले नव्हते, फक्त पाहणारे बदलले होते. पौल त्याचे कारण एका शब्दात देतो: भीती. आलेल्या माणसांना काय वाटेल, ही भीती.

हे आपण नीट लक्षात घ्यावे. ढोंगी माणूस म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर कोणीतरी लबाड, आतल्या गाठीचा मनुष्य येतो. असे लोक असतातही. पण मंडळीतले बरेचसे ढोंग भित्र्या माणसांचे असते. मुलगा व्यसनात अडकला आहे हे सांगितले तर लोक काय म्हणतील? गेले सहा महिने मला प्रार्थना करावीशीच वाटली नाही हे कबूल केले तर मला गटाचे पुढारीपण करू देतील का? या भीतीपोटी आपण "सगळे ठीक, प्रभूची कृपा" असे म्हणतो आणि पुढे निघून जातो.

आणि एका माणसाचे ढोंग त्याच्यापुरते राहत नाही. पेत्र उठला म्हणून बर्णबा उठला. त्या दिवशी पंगतीत मागे राहिलेले विदेशी विश्वासी काय समजले असतील? आपण दुसऱ्या दर्जाचे आहोत, हे त्यांना उपदेशातून कोणी सांगितले नव्हते. रिकाम्या झालेल्या जागांनी सांगितले.

३. आपल्याकडचा पंक्तिभेद

मराठी माणसाला या प्रसंगासाठी वेगळा शब्द शोधावा लागत नाही. आपल्याकडे याला पंक्तिभेद म्हणतात, आणि भारतातल्या मंडळीला तो चांगला परिचित आहे.

दक्षिण भारतात अनेक मंडळ्यांत उच्च मानल्या जाणाऱ्या जातींचे विश्वासी वेगळे बसत आणि प्रभुभोजन आधी घेत. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी पत्र पाठवून मंडळीतील जातिभेद ताबडतोब आणि कायमचा सोडावा असा आदेश दिला. तंजावरसारख्या ठिकाणी पुष्कळ लोकांनी त्यापेक्षा मंडळी सोडणे पसंत केले. एका भाकरीचे सहभागी आहोत असे म्हणणाऱ्या लोकांना एका बाकावर बसणे जड गेले.

हे सगळे जुने झाले असे म्हणून आपण सुटू शकत नाही. ख्रिस्ती विवाहविषयक जाहिराती उघडून पाहा. तारणाची साक्ष, बाप्तिस्म्याचा उल्लेख आणि त्याच ओळीत जातीची अपेक्षा! रविवारी आपण ज्याला बंधू म्हणतो त्याला सोमवारी व्याही म्हणून नाकारतो, हा अंत्युखियाचाच प्रसंग आहे.

याच्या उलट एक उदाहरण आपल्याच भाषेत आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई टिळक तेव्हा त्यांच्याबरोबर नव्हत्या. पुढे दोघे पुन्हा एकत्र राहू लागल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे-ओवळे लगेच सोडले नाही, आणि सोडल्याचा देखावाही केला नाही. जात माणसाने केली की देवाने, हा विचार त्यांच्या मनात पिकत गेला, एकेक बंधन गळत गेले, आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांनी आपला हा हट्ट हसत हसत, काही न लपवता सांगितला आहे. ज्या माणसाचे बदलणे खरे असते त्याला आपण आधी कसे होतो हे सांगताना लाज वाटत नाही. सावकाश पण खरे चालणे हे झटपट मुखवटा चढवण्यापेक्षा केव्हाही बरे.

४. मग फक्त शुद्ध लोकांची मंडळी का करू नये?

हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि मंडळीने तो फार पूर्वी विचारला आहे. ३०३ मध्ये रोमी सम्राट डायोक्लेशियनच्या आज्ञेने छळ सुरू झाला. पवित्र शास्त्राच्या प्रती अधिकाऱ्यांच्या हवाली कराव्यात असा हुकूम निघाला. काहींनी प्राण दिला पण शास्त्र दिले नाही. काही बिशपांनी घाबरून ते देऊन टाकले. छळ संपल्यावर उत्तर आफ्रिकेतल्या विश्वासी लोकांत वाद पेटला. ज्याने शास्त्र हवाली केले त्याच्या हातून झालेला बिशपाचा अभिषेक कसा मानायचा? डोनॅटस नावाच्या पुढाऱ्याचे अनुयायी म्हणाले की तो मानायचाच नाही, मंडळी पवित्र लोकांचीच असली पाहिजे. त्यांनी आपली वेगळी मंडळी उभी केली. हा वाद शंभर वर्षे चालला. ४११ मध्ये कार्थेज इथे दोन्ही बाजूंचे शेकडो बिशप समोरासमोर बसले, तेव्हा हिप्पोचा बिशप ऑगस्टीन हा दुसऱ्या बाजूचा मुख्य वक्ता होता.

ऑगस्टीनचे म्हणणे थोडक्यात असे: बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन ही ख्रिस्ताची आहेत, ती देणाऱ्या सेवकाची नाहीत. सेवक मलिन असला म्हणून ख्रिस्ताची देणगी मलिन होत नाही. तो गहू आणि निदणाच्या दृष्टांताकडेही बोट दाखवी (मत्तय १३). डोनॅटसचे अनुयायी म्हणत की येशूनेच शेत म्हणजे जग असे सांगितले आहे, मंडळी नव्हे. हा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. तरीही मालकाने दासांना दिलेला इशारा उरतोच: उपटायला गेलात तर गहूही उपटला जाईल. आपल्या डोळ्यांना कोण काय आहे हे पूर्ण दिसत नाही.

आणि या इतिहासाचा शेवटही शिकण्यासारखा आहे. ज्या ऑगस्टीनने मंडळीतल्या दुर्बळांसाठी एवढे लिहिले, त्यानेच पुढे विरोधकांना राज्यसत्तेच्या बळाने मंडळीत आणण्याला संमती दिली. कृपेचा एवढा मोठा शिक्षक, आणि त्याच्याही हिशेबात अशी नोंद! म्हणूनच शुद्ध मंडळी शोधत निघालेल्या माणसाला एक गोष्ट आधी ठरवावी लागते: ती मिळाली, तर तिथे त्याला स्वतःला प्रवेश मिळेल का?

५. कृपा मुखवटा कसा उतरवते

आता गलतीकरांस पत्राकडे परत या. पौलाने पेत्राला सर्वांसमोर अडवले, कारण चूक सर्वांसमोर झाली होती. पण त्याचा युक्तिवाद पाहा. "पेत्रा, जरा धीट हो" किंवा "लोकांशी नीट वाग" एवढेच तो म्हणत नाही. त्याच्या मते पेत्राचे वागणे सुवार्तेच्या सत्याशी जुळत नव्हते. आणि त्यानंतर तो थेट या शिकवणीकडे जातो की मनुष्य नियमशास्त्राच्या कर्मांनी नव्हे, तर ख्रिस्तावरील विश्वासाने नीतिमान ठरतो.

पंगतीतून उठण्याच्या प्रसंगात ही शिकवण कशासाठी? कारण रोगाचे मूळ तिथेच आहे. पेत्र माणसांच्या निकालाला भ्याला. पण ज्याच्याविषयी देवाने निकाल आधीच दिला आहे, आणि तो ख्रिस्ताच्या वधस्तंभामुळे त्याच्या बाजूने दिला आहे, त्याला यरुशलेमेहून कोण आले याने काय फरक पडतो? मुखवटा त्यालाच लागतो ज्याचा निकाल अजून लागायचा आहे.

लूक १८ मधले दोन माणसे आठवा. मंदिरातला परूशी खोटे बोलत होता असे येशू म्हणत नाही. तो खरोखरच उपास करत असेल, दशमांश देत असेल. पण तो प्रार्थनेत स्वतःचा ताळेबंद वाचून दाखवत होता, आणि त्यात देणे काहीच नव्हते. जकातदाराच्या हातात दाखवण्यासारखे काही नव्हते. त्याने फक्त दया मागितली आणि तोच नीतिमान ठरून घरी गेला. ज्याला दया मिळाली आहे त्याच्याकडे लपवण्यासारखे काही उरत नाही.

म्हणून मंडळीतले ढोंग केवळ दटावून जात नाही. दटावले की लोक अधिक चांगला मुखवटा शोधतात. जिथे पाप मोकळेपणाने कबूल करता येते, आणि कबूल केल्यावर मिळणारी क्षमा खरी असते, तिथे मुखवटे खाली येऊ लागतात.

६. कृपा म्हणजे पांघरूण नव्हे

इथे एक धोका आहे. "कृपा आहे ना" असे म्हणून गैरकृत्यावर पांघरूण घालणारे लोकही मंडळीत असतात. पण पौलाने पेत्राला कृपेपोटी सोडून दिले नाही. कृपेसाठीच त्याला अडवले. खालील तीन गोष्टी वेगळ्या ठेवायला शिका.

पहिली, एखाद्या भावाने किंवा बहिणीने तुमचा अपराध केला असेल, तर मत्तय १८ मधला क्रम पाळा: आधी एकट्याने जाऊन बोला, नंतर एकदोघांना बरोबर घ्या, मग मंडळीला सांगा. आपण बहुतेक वेळा हा क्रम उलटा करतो. आधी सगळ्यांना सांगतो आणि ज्याला सांगायचे त्यालाच सांगत नाही.

दुसरी, पैशांच्या बाबतीत विश्वास आणि हिशेब एकमेकांविरुद्ध नाहीत. २ करिंथ ८ मध्ये पौल वर्गणी नेण्यासाठी एकापेक्षा अधिक माणसे नेमतो, कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून. मंडळीचा हिशेब मागणे म्हणजे पाळकांवर अविश्वास नव्हे.

तिसरी, जिथे गुन्हा झाला आहे तिथे तो मंडळीतल्या मंडळीत मिटवणे ही कृपा नाही. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला समजते, त्याने ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. पीडिताला "क्षमा कर आणि गप्प राहा" असे सांगणारा माणूस कृपेचे नाव घेऊन मुखवट्याचेच रक्षण करतो. क्षमा पश्चात्तापी माणसाला परत आणते, पण सत्याला बाहेर हाकलून नव्हे. २ करिंथ २ मध्ये पौल एका शिक्षा झालेल्या माणसाविषयी लिहितो: आधी शिक्षा झाली, ती पुरेशी झाली, आता त्याचे सांत्वन करा. यातला क्रम विसरू नका.

७. पुढे काय झाले

अंत्युखियात पौल बोलल्यावर पेत्राने काय उत्तर दिले हे गलतीकरांस पत्रात लिहिलेले नाही. पण पेत्राची पत्रे आपल्याकडे आहेत. पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी तो विश्वासी लोकांना जे टाकून द्यायला सांगतो, त्या यादीत ढोंग आहे. ज्याने हा मुखवटा एकदा घातला होता, त्याचाच हा सल्ला. आणि दुसऱ्या पत्राच्या शेवटी तो पौलाचा उल्लेख आपला प्रिय बंधू असा करतो. ज्याने त्याला सर्वांसमोर चुकीचे ठरवले, त्या पौलाचा! बर्णबाचे नावही पौल करिंथकरांस लिहिताना आपल्याबरोबरचा कष्टकरी सेवक म्हणून घेतो.

ढोंग करणारे प्रेषित, त्यांना स्पष्ट बोलणारा बंधू, आणि तरीही तुटून न गेलेले नाते. मंडळीविषयी आपली आशा इथे आहे. प्रिय वाचका, तुम्ही मंडळीत दुखावले गेला असाल तर तुमचे दुःख खोटे नाही, आणि पवित्र शास्त्राने ते लपवलेलेही नाही. पुढच्या रविवारी तुम्ही पंगतीत परत बसाल, तेव्हा तुमच्या शेजारी अपूर्ण माणूसच असेल. त्याच्याही शेजारी अपूर्ण माणूसच असेल. यजमान मात्र दोघांनाही पुरता ओळखतो, आणि त्याने दोघांनाही बोलावले आहे.

विचार करा आणि गटात चर्चा करा

१. माझ्या मंडळीत किंवा सहभागिता गटात मी कोणती गोष्ट "सगळे ठीक आहे" या शब्दांआड लपवतो? ती कोणाच्या भीतीने?

२. कोण पाहत आहे यावरून माझे वागणे बदलते का? हॉस्टेल, घर, चर्च आणि समाजमाध्यमे अशा चार ठिकाणी स्वतःला तपासून पाहा.

३. माझ्या उठून जाण्याने पंगतीत कोणी एकटे पडले आहे का? जात, भाषा, पैसा किंवा इंग्रजी बोलता न येणे यांपैकी त्याचे कारण काय होते?

४. कोणाला एकट्याने भेटून प्रेमाने खरे बोलणे मी टाळत आहे?

५. आपला गट कबुलीसाठी सुरक्षित आहे का? एकाने सांगितलेली गोष्ट प्रार्थनाविषय म्हणून दहा जणांकडे पोहोचत असेल, तर आपण काय बदलायला हवे?

या आठवड्यात एक पाऊल

विश्वासू असा एक भाऊ किंवा बहीण निवडा आणि त्यांना एक गोष्ट जशी आहे तशी सांगा. ती सजवू नका आणि वाढवूनही सांगू नका. त्यांनीही तुम्हाला काही सांगितले तर सल्ला देण्याची घाई न करता आधी त्यांच्याबरोबर प्रार्थना करा.

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, तू आम्हाला मुखवट्याशिवाय पाहतोस आणि तरीही आम्हाला आपल्या मेजावर बोलावतोस. माणसांच्या निकालाची भीती आमच्यातून काढून टाक. ज्यांना आमच्या ढोंगामुळे ठेच लागली त्यांना तू जवळ घे आणि त्यांच्याकडे परत जाऊन खरे बोलण्याचे धैर्य आम्हाला दे. जिथे बोलायला हवे तिथे आम्ही गप्प राहू नये, आणि जिथे क्षमा करायला हवी तिथे आम्ही कठोर होऊ नये. येशूच्या नावाने मागतो. आमेन.